बाईंचा फोटो

अणुरसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या आमच्या दिवंगत बाईंचा फोटो नवे संचालक प्रयोगशाळेतून काढायला निघाले.

"जन्मभर काचेची भांडी घासली, आणि म्हणे शास्त्रज्ञ!"

बाईंचेच शोध स्वतःच्या नावावर खपवून हा माणूस मोठा झालेला. लाज कशाशी खातात, ते ठाऊक नाही.

त्यांनी फोटोला हात लावला आणि टेबलावरचं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र टिकटिकू लागलं.

"साहेब, राहू द्या," मी म्हणाले. मी बाईंची जुनी मदतनीस.

"कागदाला घाबरता?" त्यांनी फोटो उतरवून माझ्या हातात कोंबला.

मी यंत्र फोटोजवळ नेलं. ते मुकं झालं.

साहेब छद्मी हसले. मी यंत्र त्यांच्याकडे वळवलं.

टिकटिक वाढली. साहेबांनी घाईघाईने कोट काढून फेकला, मग शर्ट.

यंत्र आता टिकटिकत नव्हतं. सलग किंचाळत होतं.