कड तुटलेला शिक्का

भिंतींना कान असतात म्हणतात, पण बायको गेल्यापासून निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरात बोलायलाच कुणी नव्हतं. आज चक्क पत्र आलं.

"कुठून आलंय, मास्तर?" पोस्टमनने विचारलं. "शिक्का पुसट आहे, पण तुम्हाला काय सांगायचं."

मास्तरांनी भिंग धरलं. गावाचं नाव उमटलंच नव्हतं, पण वर्तुळाची कड डावीकडे तुटलेली होती. शिक्का त्यांच्याच हातून पडून तो टवका उडाला होता. पोस्ट बंद झालं तेव्हा आठवण म्हणून त्यांनी तो शिक्का घरी आणला होता.

दोघांचंच पोस्ट होतं ते. मास्तर शिक्के मारायचे, आणि रोज निघताना शिक्क्यात उद्याची तारीख बायको लावून ठेवायची.

त्यांनी कपाट उघडलं. शिक्क्यावरची शाई ओली होती. उद्याची तारीख लावून झाली होती.