गाडीखालची कुत्री

सँडविच पुढ्यात होतं, पण लॉनीने त्याला हात लावला नाही. पोलिसांच्या खोलीत कोणी फुकट खाऊ घालत नसतं.

त्याच्या खिशात सापडलेली नशेच्या गोळ्यांची पुडी सार्जंट घेऊन गेला होता. जाताना म्हणाला, की या बाईंशी नीट बोल. त्यांच्याबरोबर उपचाराला गेलास तर प्रकरण कोर्टात जाणार नाही. नाहीतर तुरुंग तुझ्या ओळखीचा आहेच.

बाई म्हणजे इंगर ओस्टबी, सोशल वर्कर. बूट ओले, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. झोपता कुठे, दात कधीपासून दुखतोय, शेवटची गोळी कधी घेतली, असलंच विचारत होती. माल कोणाकडून घेतला हे काही विचारेना, म्हणून तर लॉनीचा संशय वाढला. तो तिच्या पेनावर नजर ठेवून होता.

"एक नाव मात्र हवंय," ती म्हणाली.

आली बाई मुद्द्यावर. लॉनी गालातल्या गालात हसला.

"तुमच्या कुत्रीचं. तुमच्यामागे धावत आली ती पोलिसांच्या गाडीखाली बसलीय. कोणाला जवळ येऊ देत नाही, आणि तिला पकडायला कोंडवाड्याची माणसं निघालीत."

आज कुत्रीचं, उद्या माणसाचं.

"डेझी," त्याने ठोकून दिलं.

ती पिशवीतलं स्वतःचं सँडविच घेऊन बाहेर गेली. खिडकीतून त्याला अंगण दिसत होतं. बाई बर्फात गुडघे टेकून, सँडविचमधलं मांस पुढे धरून आर्जवं करत होती. डेझी, अगं डेझी, ये गं बाळा. गाडीखाली काही हललं नाही.

कोंडवाड्याची गाडी आत आली. लांब दांड्याचा फास घेऊन एक माणूस उतरला. बाईने हात आडवा करून त्याला थांबवलं आणि पुन्हा तीच हाक मारली.

लॉनीने खिडकीची काच वर ढकलली. चार बोटंच सरकली. त्याने तोंड फटीला लावलं.

"बाई, मार्गो म्हणा. मार्गो आहे ती."

गाडीखालून एक काळं नाक बाहेर आलं.

"पण कुठे लिहू नका," तो म्हणाला.

"कशाने लिहू?" बर्फाने लाल झालेले दोन्ही हात तिने वर केले.

लॉनीने मागे वळून पाहिलं. पेन टेबलावरच होतं, त्याच्या सँडविचशेजारी. त्याचं टोपण अजून काढलेलंच नव्हतं.