चहातली चिमूट

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचं विचारलं, “गोळ्यांशिवाय काही काढा, चूर्ण घेता? रक्त पातळ झालं असेल तर आत ते थांबवणं अवघड जाईल.” “काही नाही,” स्ट्रेचरवरचा नवरा म्हणाला. ऑपरेशनची तारीख आधीच दोनदा पुढे गेली होती. हृदयाला बळ यावं म्हणून गेले सहा महिने बायको त्याच्या चहात झाडपाल्याचं चूर्ण गुपचूप ढवळत होती. तिने पर्समधली डबी पुढे केली. नवरा हसला. “अगं, तो कडवटपणा मला पहिल्याच दिवशी कळला. तुझं मन मोडवेना. चहा रोज बाल्कनीतल्या कुंडीत ओततोय.” डॉक्टरीणबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी दार उघडायला सांगितलं. स्ट्रेचर हललं, तसा बायकोने लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. “बाई, आमच्या घराला बाल्कनीच नाही.”