पालथं झोपवण्याआधी

"आता पालथे व्हा, काका," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळं दुरुस्त करणारे काका ऑपरेशनच्या टेबलावर पालथे झाले. उजव्या मूत्रपिंडातला खडा पाठीतून काढायचा होता. भूल अजून दिलेली नव्हती. पेशंट जागा असतानाच त्याला एकदा तसं झोपवून बघायचं, हा या सिस्टरांचा नेम. भूल दिलेला माणूस कुठे रुततंय ते सांगत नाही.

त्यांनी छातीखाली गादी सरकवली, घोट्यांखाली उशी.

"रुततंय?"

"नाही."

"मान अवघडली?"

"छे."

मग त्यांनी काकांचे हात एकेक करून वर, डोक्याच्या बाजूला ठेवले. उजवा हात वर नेताना काकांनी डोळे घट्ट मिटले.

"दुखतंय?"

"अजिबात नाही. चालू द्या तुमचं."

डॉक्टर हात धुऊन आले. "काय सिस्टर, खडा आपणहून पडायची वाट बघताय का?"

सिस्टर काकांच्या तोंडापाशी वाकल्या. "दुकानात वरच्या फळीवरचा डबा कोण काढतं?"

"बायको."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. खांदा वर जातच नाही."

"मग बोलायचं नाही?"

"उगाच सगळ्यांचा खोळंबा."

सिस्टरांनी तो हात हळूच खाली आणला. "सर, हा अंगालगतच राहील."

"खडा त्याच बाजूला, मग मी उभा कुठे राहू? भूल दिली की खांदा सैल पडतो. जाईल वर."

"जाईल की. आणि दोन तास ताणून राहील. शीर दुखावली तर हे घड्याळाचा चिमटा कशाने धरणार?"

"अहो, मला वाकडं उभं राहावं लागेल!"

"राहा. तुम्हाला दुखलं तर सांगता तरी येईल."

भूल देणाऱ्या बाईंना अचानक खोकला आला. डॉक्टरांनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा सिस्टरांकडे. "बरं. ठेवा अंगालगत."

दोन तास डॉक्टर कंबरेत वाकडे उभे होते. काकांच्या कोपराला जाड कापसाची गुंडाळी होती, तरी डॉक्टर जवळ सरकले की सिस्टर मध्ये आपला तळवा धरत.

खडा निघाला. काकांना उताणं केलं. त्यांनी डोळे किलकिले केले तेव्हा सिस्टरांनी त्यांच्या उजव्या मुठीत आपलं बोट दिलं.

"दाबा."

काहीच झालं नाही.

"काका, दाबा."

बोटं मिटली. मग आवळली. सिस्टरांचं बोट पांढरं पडलं.

"सोडा आता," त्या म्हणाल्या, पण बोट त्यांनीही काढून घेतलं नाही.