डाळीची ओळ

“बाकी सगळं राहू दे गं. ही डाळीची ओळ तेवढी काढ!” भानुमती मॅडमनी मोबाइल शलाकाच्या नाकासमोर धरला.

मॅडम मल्हारगंजातल्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि शलाका सरकारी शाळांची खरीखुरी माहिती देणारी वेबसाइट चालवायची, काही पालकांच्या मदतीने. शाळेचा पाहुणचार घ्यायचा नाही, हा तिचा नियम. आता इंदुरात पोहे-जलेबीला कुणी नाही म्हणतं का? पण या बयेने मॅडमनी मागवलेली प्लेट सरळ बाजूला सारली, आणि पोरांच्या पंगतीत बसून मध्यान्ह भोजनाची डाळ मात्र चाखली.

आणि लिहिलं काय? ‘पहिलीच्या बाई गोष्टी सांगत वाचायला शिकवतात, पोरं हलत नाहीत जागची. नळाला पाणी आहे. मुलींचं टॉयलेट स्वच्छ. डाळ अळणी.’

“यंदा पहिलीत पोरं आली नाहीत, तर शाळा बंद करून दुसरीकडे जोडणार आहेत. आणि तू मिठाचं काय घेऊन बसलीस!”

“माहीत आहे, मॅडम. पण ओळ निघणार नाही. डाळ सुधारली की सांगा. येईन, चाखेन, मगच काढेन.”

ती गेली आणि मॅडमना रडूच आलं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः गल्लोगल्ली रंगीत पत्रकं वाटली होती. उत्तम शिक्षण, उत्तम भोजन, सगळंच उत्तम! एकही पालक फिरकला नव्हता. त्यात आता हे. त्या तावातावाने स्वयंपाकघरात गेल्या आणि डाळीत मीठ पडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

सोमवारी शाळेच्या दारात गर्दी दिसली. मॅडम घाईघाईने दाराशी गेल्या. डाळीवरून भांडायला आले वाटतं! सगळ्यांत पुढे कीर्ती नावाची एक आई, मुलीचा हात घट्ट धरून.

“पहिलीत नाव घालायचंय, मॅडम.”

“अगं पण... ते डाळीचं वाचलंस ना?”

“वाचलं, म्हणून तर आले! जो तो म्हणतो, आमच्या शाळेत सब कुछ बढिया. कोण भरवसा करणार? इथे डाळीचं खरं लिहिलंय, म्हणजे पहिलीच्या बाईंचंही खरंच असणार. मी तर शलाकाताईंना सांगून टाकलं, पुढच्या शाळा बघायला मी पण येते.”

दुपारपर्यंत पहिलीचा पट भरला. शाळा वाचली! मॅडम खुर्चीत बसून एकट्याच हसत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात शलाका आली. पंगतीत बसली, डाळ भुरकली.

“झकास, मॅडम! काढते ती ओळ.”

“ए, थांब थांब!” मॅडमनी तिचा हातच धरला. “आधी दुसरी एखादी खोट शोध, मग ही ओळ काढ!”