शेवटची दहा मिनिटं

स्टेडियमवरून घरी नेणारी शेवटची बस मॅच संपायच्या बरोबर दहा मिनिटं आधी सुटायची. त्यामुळे आपल्या टीमचा एकही विजयी गोल टेलरकाकांनी या मोसमात डोळ्यांनी पाहिला नव्हता. बसची पायरी चढताना मागून उसळणारी आरोळी तेवढी ऐकली होती. शेवटी त्यांचं डोकं फिरलं. दुकान बंद ठेवून त्यांनी बस ऑफिसात चपला झिजवल्या, साहेबाचं डोकं खाल्लं. मॅचला वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्यांपैकी एकानेही अर्जावर सही केली नाही, हे मात्र त्यांच्या मनाला फार लागलं. "गेले उडत!" म्हणत काका एकटेच भांडले आणि बसची वेळ अर्धा तास पुढे ढकलायला लावली.

आज फायनल. शून्य-शून्य. दहा मिनिटं उरली, तरी काका ऐटीत ठाण मांडून बसलेले. आजूबाजूचे सगळे मैदान सोडून त्यांच्याकडेच बघायला लागले.

शेजारच्याने काकांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "काका, पाया पडतो, निघा आता. तुम्ही बाहेर पडल्याशिवाय आपला गोल होत नाही हो!"