गोठवलेली नोकरी

"सही करायला पाच मिनिटं उरलीत, परकारसाहेब," एजंटनं बजावलं.

जहाजावरचे चीफ इंजिनियर इक्बाल परकार दोन करार पुढ्यात घेऊन बसले होते. जुन्या कंपनीत दुप्पट पगार, पण पाळी संपली की गोठवून झोपवत आणि वर्षाला महिनाभरच सुट्टी. नव्या कंपनीत पगार निम्मा, झोप साधी, सुट्टी सहा महिने.

"गोठवल्यानं वय वाढत नाही, हा फायदा धरा की!" एजंट म्हणाला.

त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान असलेली बायको झुलेखा शेजारीच होती. केस तिचे पिकले होते, त्यांचे काळेभोर.

"खाली शिपायानं विचारलं, मुलाला घेऊन आलात का? वाद नको म्हणून मी हो म्हटलं," ती म्हणाली.

परकारांनी नवा करार ओढला. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. तिथे केस पिकतात ना, ते आधी विचारा."

"पिकतात," एजंट कुरकुरला.

"मग करा सही."